मिक्सिंग बैलाच्या कानानं

"फाटला, कर्णा फाटला, बंद करा आधी, माझा अँप जाईल," असं ओरडत साउंडवाला मंडपामागून धावत आला, तेव्हा पिंपळवंडीच्या यात्रेत, बैलगाडा शर्यतीच्या घाटात माझ्या मामांचा गाडा जुंपून तयार होता, बैलांपुढं घोडी पळवणारा घोडीवाला पुढं जाऊन उभा राहिला होता, आणि घाटाच्या माथ्यावर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीतून मी केलेलं गाणं नुकतंच सुरू झालं होतं.

कर्णा फाटलेला नव्हता. अँपलाही, म्हणजे अँप्लिफायरलाही, काही झालं नव्हतं. ते गाणं तसंच होतं. मी ते तसं केलं होतं, हाडं झिजवून, आणि त्यातला एक कण जरी सुधारला असता तरी मामांनी मला जन्मात माफ केलं नसतं. पण हे त्या साउंडवाल्याला उभ्या उभ्या कसं समजवायचं? मामा समजवायच्या भानगडीत पडले नाहीत. त्यांनी त्याला वाटेतच मिठी मारली. प्रेमाची नव्हे, तालमीतली. मामांनी तरुणपणी एक म्हैस खांद्यावर घेऊन ओढा ओलांडला होता. असं मामा सांगतात. म्हैस त्यावर काही बोललेली नाही.

आता साउंडवाला जरा वेळ त्या मिठीतच राहू दे. हे सगळं कशापायी झालं ते सांगतो.

आमच्या जुन्नर-आंबेगावात बैलाला गाणं असतं. माणसाला नसलं तरी चालतं. गाड्याचा मालक बैलाच्या कौतुकाचं गाणं बांधून घेतो, आणि त्याची बारी, म्हणजे गाडा पळवायची पाळी, आली की घाटात तेच वाजतं. अशी गाणी मी करतो. माझा स्टुडिओ कांद्याच्या बराकीत आहे. अर्ध्या बराकीत कांदा, अर्ध्यात मी. भिंतींना जुन्या गाद्यांचा स्पंज लावलाय. कांद्यामुळे गाणाऱ्याचे डोळे वाहतात, म्हणून माझ्याकडं गायलेलं प्रत्येक गाणं काळजाला हात घालतं. पुण्यातल्या भल्याभल्या स्टुडिओंना हे जमलेलं नाही.

तर, मामांची लेक अवसरी खुर्दला दिलीये. तिचे सासरे, म्हणजे मामांचे व्याही, तेही गाडामालक. त्यांनी पुण्यात जाऊन एक गाणं करून आणलं, आणि ते असं गाजलं की घाटात ते लागलं की म्हातारी माणसंसुद्धा काठ्या टाकून नाचतात. नंतर ज्याची त्याला काठी सापडत नाही. मामांच्या बैलाला तेव्हा गाणंच नव्हतं. मागच्या यात्रेत मामांची बारी आली, साउंडवाल्याला वाजवायला काही मिळेना, त्यानं खुशाल व्याह्यांचं गाणं लावलं. म्हणजे गाव मामांचं, घाट मामांचा, बैल मामांचा, आणि कौतुक व्याह्यांच्या बैलाचं. बारी झाल्यावर व्याही जवळ आले आणि म्हणाले, "बैल तुमचा, गाणं आमचं. सोयरीक आता कुठं पक्की झाली बघा, पावणं."

मामांच्या घशाखाली त्या दिवशी पुरणपोळी उतरली नाही. म्हणजे पाचवी उतरली नाही.

दुसऱ्या दिवशी ते बराकीत हजर. "भाच्या, मला गाणं पायजे. येत्या यात्रेला व्याह्याला पुढच्या खुर्चीत बशिवतो. त्याच्या डोळ्यात माझा बैल आन कानात माझं गाणं. बास, दुसरं काय मागत न्हाई."

"कसं करायचं?"

"शब्द आपलं, चाल आपली. आवाज मात्र त्याच्या गाण्यासारखा. डिट्टो."

"तो कशाला?"

मामांनी आजूबाजूला पाहिलं. बराकीत मी आणि कांदे. तरी ते कुजबुजले, "माझा बैल त्या गाण्यावर उठतो. गोठ्यात लागलं की कान टवकारतो, पाय घासतो. कायतरी हाय त्या आवाजात. तेवढं काढून आपल्यात टाक."

हे ऐकून मी हसलो नाही, कारण हे काम करणारं एक प्लगइन माझ्या कॉम्प्युटरात आहेच. स्वयंपाकात तिखट-मीठ, तसा गाण्यात जाड, मधला आणि बारीक आवाज. ते कमीजास्त करायचं साधन म्हणजे इक्वलायझर. त्यातही माझा इक्वलायझर हुशार. त्याला आधी ज्याच्यासारखं व्हायचंय ते गाणं ऐकवायचं, मग आपलं ऐकवायचं. तो दोन्हींची चव घेतो आणि पडद्यावर एक वाकडीतिकडी रेघ काढून देतो: इथं उचला, तिथं दाबा. रेघ लावली की आपलं गाणं त्या गाण्याच्या मापाचं होतं. निदान जाहिरातीत तरी होतं.

भजनी मंडळातल्या बुवांकडून गाणं गाऊन घेतलं. बुवा कांद्यानं रडले, फार छान झालं. मग व्याह्यांच्या गाण्याची चांगली फाईल घेतली, रेघ काढली, लावली. तिकडचं गाणं ढोलाच्या दणक्याचं, त्यामुळे आमचंही दणकायला लागलं. मोठा स्पीकर घेऊन मी मामांच्या गोठ्यात गेलो आणि बटण दाबलं. पत्र्यावरचे भोपळे गडगडत खाली आले. हौदातल्या पाण्याला लाटा आल्या. शेजारच्या उसात एक बिबट्या राहायचा, तो त्या दिवशी बिऱ्हाड उचलून थेट शिनोलीला गेला. त्याला तिकडं पाहिलेली माणसं आहेत.

बैलानं शेपटीनं एक माशी उडवली आणि खाली बसून रवंथ सुरू केलं.

"नाय जुळलं," मामा म्हणाले.

"मामा, तंतोतंत जुळलंय. मी पडद्यावर बघितलंय."

"तू पडदा बघतो. मी कान बघतो."

खात्री करायला मी त्याच स्पीकरवर व्याह्यांचं मूळ गाणं लावलं. बैल तसाच. त्यानं डोळेसुद्धा मिटले. मामा खचून गव्हाणीच्या काठावर बसले. म्हणाले, "व्याह्यानं गाण्यातलं काढून घेतलं वाटतं."

तेवढ्यात घराकडून मामी आल्या. एका हातात आंबोणाची, म्हणजे भिजवलेल्या पेंडीची बादली, दुसऱ्या हातात फोन. फोनवर व्याह्यांचंच गाणं चाललेलं. लेकीनं पाठवलेलं, म्हणून मामी ते दोन्ही वेळेला आंबोण देताना लावायच्या. मामांनी पुष्कळ आदळआपट करून पाहिली होती. मामींचं एकच: "लेकीच्या घरचं हाय, वाजणार."

तो फोन एकदा हौदात पडला होता, आणि वर काढल्यावर म्हशीच्या पायाखाली गेला होता. तेव्हापासून त्यातून जे निघायचं त्याला गाणं म्हणायला लेकीची मायाच लागायची. पण ते कानावर पडताच बैल ताडकन उभा राहिला. दोन्ही कान उभे, वशिंड ताठ, पुढच्या पायानं माती उकरतोय. मामाही तसेच उठून उभे राहिले.

"मामा," मी म्हणालो, "तो बादली बघून उठला."

"बादली ठिवून यं गं," मामा मामींना म्हणाले. "भितीमागं जा, आन निस्ता फोन लाव."

मामी भिंतीमागं गेल्या. बादली नाही, माणूस दिसत नाही, नुसता फोन. बैलाचे कान पुन्हा टुणकन उभे.

आता मला उघड दिसत होतं की बैलाला गाण्याशी देणंघेणं नव्हतं. त्या फुटक्या आवाजामागून आंबोण येतं एवढं त्याला पाठ होतं. मी तसं म्हणालोही. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काय का आसंना. ज्या आवाजावर उठतो तो आवाज सापडला का न्हाई? मंग जुळीव."

मी आयुष्यात गाणी जुळवायला लोकांकडून काय काय घेतलंय. लग्नातली कॅसेट घेतलीय, एकानं तर नुसतं तोंडानं वाजवून दाखवलं होतं. पण स्टुडिओचा चांगला माईक गोठ्यात नेऊन, हौदात पडलेल्या फोनपुढं स्टँडवर लावून, "शांतता राखा" म्हणायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली. मामींनी फोन आरतीच्या ताटासारखा धरला. ऐन मध्यावर एक कोंबडी आरवल्यासारखी ओरडली. पुन्हा करू म्हटलं तर मामा म्हणाले, "राहू दे, ती रोजच असती."

रेघ आली. डावीकडं सपाट माळ, उजवीकडं सपाट माळ, आणि मधोमध एकटा शिवनेरी. ती लावली, तर आमच्या गाण्यातला जाड आवाज गेला, बारीक गेला, राहिला तो नाकातला. ढोल काड्यापेटीएवढा झाला. बुवा पत्र्याच्या डब्यात बसून, वरून झाकण लावून गातायत असं वाटायला लागलं. कोंबडीचाही त्या रेघेत वाटा आहे, हे मी शपथेवर सांगतो.

गोठ्यात लावलं. मोठ्या स्पीकरवर. बैल उठला, कान उभारले, स्पीकरकडं टक लावून पाहिलं आणि त्याच्या तोंडातून लाळेची तार लोंबायला लागली. मामांनी उपरण्यानं डोळे पुसले. इथं तर कांदाही नव्हता.

माझ्यातल्या कलाकाराला राहवेना. त्या प्लगइनला एक पट्टी असते, सरकवली की रेघ निम्मी लागते. मी म्हणालो, "मामा, निम्मं ठेवू. माणसांनाही ऐकायचंय." निम्म्यावर आणलं. बैलानं एक कान खाली घेतला.

मामांनी मला तो कान दाखवला.

पाऊण केलं. पडलेला कान अर्धा उठला. हळूहळू मी पट्टी पुढं नेत गेलो आणि तो कान कोंब फुटावा तसा वर येत गेला, आणि पट्टी शेवटाला टेकली तेव्हा दोन्ही कान तोफेसारखे ताठ. मिक्सिंग फायनल. जगात हे काम माणसं कानानं करतात; बैलाच्या कानानं झालेलं ते पहिलं असावं.

चला, आता साउंडवाल्याकडं जाऊ, त्याचा श्वास संपत आला असेल.

तो मिठीत पाय झाडत होता. "भाऊ, सोडा, फाटलंय ते, लोकं मला नावं ठेवतील राव." मामा त्याच्या कानात म्हणत होते, "तसंच हाय ते. बनवून घेतलंय." स्पीकरच्या भिंतीतून डब्यातले बुवा साऱ्या घाटाला ऐकू जात होते. माणसं एकमेकांकडं बघत होती. पुढच्या खुर्चीत व्याही, पांढरी टोपी, कडक इस्त्री, आणि ते सारखे खिसे चाचपत होते. तंबाखूची डबी शोधत असतील असं मला वाटलं. पुढच्या जोडीत मामांचा बैल. मी त्याच्या कानांकडं पाहिलं. तोफा.

पुकारणाऱ्यानं भिर्रर्र केलं आणि गाडा सुटला.

आता मी जे सांगणार त्याला साक्षीला अख्खा घाट आहे. पहिल्या झेपेत घोडीवाल्याची टोपी उडाली, आणि ती खाली पडायच्या आत गाडा तिच्याखालून निघून गेला. घोडी कडेला झाली, नाहीतर तिला आयुष्यभर मागं राहिल्याची लाज वाटली असती. धूळ मागाहून आली. तीही धापा टाकत. बाकीचे तीन बैल पळत नव्हतेच, मामांच्या बैलाला बांधलेले असल्यामुळे नाइलाजानं येत होते. माथ्यावरची रेघ ओलांडली, माणसं बाजूला झाली, आणि गाडा थांबला तो थेट स्पीकरच्या भिंतीपुढं. मामांच्या बैलानं खालच्या खोक्याच्या भोकात नाकाडासकट तोंड घातलं आणि आत आंबोण शोधायला लागला. मिळेना, तेव्हा त्यानं जाळी चाटून स्वच्छ केली.

त्या दिवशी त्याहून कमी वेळात कुणाची बारी झाली नाही. मामांनी साउंडवाल्याला सोडलं. त्याच्या छातीवर मामांच्या सदऱ्याची बटणं उमटलेली मी स्वतः पाहिली. हवेत इतका भंडारा उडाला की पलीकडच्या शेतातला फ्लॉवर पिवळा निघाला. मला चौघांनी उचललं, मग कुणाला का उचललंय हे न कळून खाली ठेवलं. मामी रिकामी बादली घेऊन कुठूनशा आल्या आणि बैलाला खोक्यातून बाहेर काढून घेऊन गेल्या.

मामांनी फेटा सारखा केला. छाती काढून, पावलं मोजल्यासारखी टाकत, ते पुढच्या खुर्चीकडं निघाले. मी मागं. वर्षभर ज्याच्यासाठी जीव टांगला होता तो प्रश्न त्यांनी मिशीवरून हात फिरवत विचारला.

"काय पावणं, ऐकलं का आमचं गाणं?"

व्याह्यांनी टोपीवरचा भंडारा झटकला.

"गाणं व्हतं व्हय ते? मला वाटलं, कुणाचा तरी फोन वाजतोय."