डिक्टेशनचा लॅपटॉप

बाबांच्या लॅपटॉपवर मी लिनक्स टाकलं आणि त्याची वाचाच गेली. हे मला कळलं ते त्यांच्या विद्यार्थिनीच्या फोनवरून. "जय भीम ताई. आज डिक्टेशन झालंच नाही. सर घड्याळ लावून बसले, आम्ही पेन्सिली धरून. शेवटी मीच म्हटलं, सर, आवाजच येत नाहीये." हडपसरच्या आयटी पार्कात दिवसभर लोकांना अक्कल शिकवणारी मी, आणि घरी हे दिवे लावले होते.

बाबा सरकारी कचेरीत लघुलेखक होते. साहेब पान चघळत पुटपुटले तरी बाबांच्या वहीत शब्दन् शब्द उतरायचा. निवृत्तीनंतर येरवड्याच्या आमच्या घरी संध्याकाळी ते लघुलेखनाचा क्लास घेत. मिनिटाला शंभर शब्दांचे उतारे त्यांनी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केले होते. लॅपटॉपवर ते लावायचे, मुलींनी लिहायचं, बाबांनी वह्या तपासायच्या. त्या क्लासात त्यांचा जीव होता. "मी रिटायर झालो, माझे कान नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

जुनी सिस्टीम व्हायरसनं सडली होती, म्हणून मी ऐटीत लिनक्सची सीडी घातली. "अर्ध्या तासाचं काम, बाबा." उतारे आधी काढून ठेवले, एवढं तरी सुचलं. पण लिनक्स त्या लॅपटॉपचं साउंड कार्ड ओळखेचना. सोमवारी पुन्हा क्लास होता. शनिवारभर मी ड्रायव्हर शोधत बसले आणि चहा विचारायला आलेल्या आईवर खेकसले.

रविवारी दुपारी एका फोरमवर नेमकी याच मॉडेलसाठी कुणीतरी लिहिलेली एक ओळ सापडली. ती सिस्टीमच्या फाइलमध्ये घातली, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. बाबा शेजारी वही उघडून बसले होते. मी उतारा लावला, आवाज पूर्ण चढवला.

"महोदय, आपल्या पत्राच्या अनुषंगाने..." बाबांचा तो खणखणीत आवाज घरभर झाला. मला नाचावंसं वाटलं.

बाबांची पेन्सिल हलली नाही. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "अजून नाहीच ना येत?"

मी आवाजाची पट्टी पाहिली, ती पूर्ण चढलेलीच होती. उतारे त्यांना पाठ होते. वह्या तर डोळ्यांनीच तपासायच्या. आणि मी बोलताना ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे, त्याला मी कौतुक समजत होते.

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. लॅपटॉप बोलतच होता. तिनं माझ्याकडे बघून फक्त मान हलवली, काही बोलू नकोस म्हणून. म्हणजे तिला माहीत होतं! मला तिचा रागही आला आणि रडूही.

बाबा उत्तराची वाट बघत होते. मी आवाज बंद केला, त्यांच्यासमोर बसले आणि सावकाश म्हणाले, "नाही बाबा. मीच बिघडवलाय. उद्यापासून उतारे मी वाचते, तुम्ही वह्या तपासा."

"तू?" बाबा म्हणाले. "शंभरचा स्पीड झेपेल का तुला?"