फाटकावरची चार कुलपं

मंगळवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. क्लिफर्ड स्टॉब्स कपाळाला दिवा बांधून चरात उतरले होते आणि पानं उपसत होते. नोव्हेंबरात बीचच्या झाडांची पानं एका रात्रीत मोरीच्या जाळीवर चिकटून बसतात. मग पाणी वाटेवर चढतं, खडी वाहून जाते आणि खालची काळी राख वर येते. ती राख इथून कोळशाच्या गाड्या जायच्या तेव्हापासूनची आहे. रूळ उखडून साठ वर्षं होत आली. डरहॅम शहरापासून हेजली गावापर्यंत साडेआठ मैल आता सायकली चालतात, आणि त्यांतले गावाकडचे तीन मैल स्टॉब्स सांभाळतात. त्यासाठी त्यांना कुणी पगार देत नाही. कौन्सिलनं एक पिवळं जाकीट, एक फावडं आणि फाटकाची किल्ली दिली आहे.

स्टॉब्स बहात्तर वर्षांचे आहेत. सोळाव्या वर्षी खाणीत गेले, पस्तिसाव्या वर्षी खाण बंद झाली. पुढची वीस वर्षं गाद्यांच्या कारखान्यात काढली. निवृत्तीनंतर तिसऱ्याच आठवड्यात बायकोनं, ऑड्रीनं, त्यांना घराबाहेर काढलं. "माझ्या स्वयंपाकघरात उभा राहू नकोस, बाहेर जाऊन कशात तरी उभा राहा," हे तिचे शब्द. तेव्हापासून ते या चरात उभे आहेत. स्वतः त्यांनी चौदाव्या वर्षानंतर सायकलला पाय लावलेला नाही. शहरातून येणारे लोक महागड्या सायकलींवरून घंटी वाजवतात, "मॉर्निंग!" म्हणतात. स्टॉब्स फावडं उचलून बाजूला होतात.

वाटेवर गाड्या येत नाहीत, कारण फाटक आहे. आठ वर्षांपूर्वी गावातली पोरं मोटारसायकली घालू लागली, एका म्हातारीचा पाय मोडला, तेव्हा स्टॉब्स यांनी सह्या गोळा करून फाटक बसवून घेतलं. बाजूला सायकलपुरती फट आहे, पण रुंद काही जायचं तर कुलूप उघडावं लागतं. कुलपं चार आहेत: शेतकरी डगी रेनचं, कौन्सिलचं, रुग्णवाहिकेचं आणि पाणी कंपनीचं. चारही एकमेकांत अडकवली की साखळी पुरी होते. ज्याला जायचं त्यानं आपलं उघडायचं, बाकीच्यांना हात लावायचा नाही. लावताना मात्र आपलं कुलूप शेजारच्या दोन्ही कुलपांत ओवायचं. शेजारचं सोडून त्याच्या पुढच्यात ओवलं, तर मधलं नुसतं लोंबकळत राहतं. त्याची किल्ली ज्याच्याकडे आहे तो बाहेरच अडकतो.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी मार्टिन हॉगार्थ नावाचा माणूस फाटकापासून दीड मैल आत सायकलवरून उतरून खाली बसला. वय त्रेपन्न, शहरातल्या शाळेत भूगोल शिकवायचा. छातीत दुखतंय हे त्यानं स्वतःच फोन करून सांगितलं. रुग्णवाहिका बारा मिनिटांत फाटकाशी आली. चालकानं आपलं कुलूप उघडलं आणि ते हातात आलं. फाटक हललं नाही. एक जण पिशवी घेऊन धावत सुटला, दुसऱ्यानं अग्निशमन दलाला बोलावलं. साखळी कापायला एकोणीस मिनिटं गेली. कुलपं चिखलात पडली, आणि कोणतं कशात ओवलेलं होतं हे पाहायला कुणाला सवड नव्हती. लवकर पोचले असते तर हॉगार्थ वाचला असता की नाही, यावर डॉक्टरांचं एकमत नाही.

गावाचं मात्र झालं: दोष रेनचा. आदल्या दिवशी, शनिवारी, डगी रेननं फाटकातून मेंढ्या नेल्या होत्या. पन्नास माणसांनी त्या पाहिल्या. शिवाय रेन धांदरट म्हणून प्रसिद्ध. स्टॉब्स यांनीही त्याच शनिवारी दुपारी चार वाजता खडीचा ट्रक आत घेतला होता. तो कुणी पाहिला नाही, कारण गारांचा पाऊस लागला होता. पोलिसांना दिलेल्या जबाबात त्यांनी म्हटलं, फाटक नेहमीसारखंच लावलं असणार, नीटसं आठवत नाही. हॉगार्थच्या मृत्यूची सुनावणी आता उद्यावर आली होती, आकस्मिक मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, म्हणजे कॉरोनरपुढे.

आज साडेसातला रेनचा ट्रॅक्टर वाटेच्या कडेनं आला. दोघं एका वर्गातले. फेब्रुवारीपासून त्यांचं बोलणं मान हलवण्यापुरतं उरलं होतं. स्टॉब्स चरातून वर आले आणि त्यांनी हात आडवा केला.

"डगी, थांब जरा."

"का? फावडं मोडलं? की आता मला चरात ढकलायचंय?"

"इंजिन बंद कर."

"बंद केलं की पुन्हा चालू होत नाही. थंडीत ते तुझ्यासारखंच कुरकुरतं." पण त्यानं बंद केलं.

"त्या शनिवारी शेवटचं कुलूप मी लावलं," स्टॉब्स म्हणाले. "तुझ्यानंतर. खडी आली होती."

रेननं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"त्या रविवारनंतरच्या सोमवारपासून. मी नव्हे, म्हणजे उरलं कोण? पाणीवाले शनिवारी फिरकत नाहीत. आणि तुझी खडी काय आभाळातून पडली? ढीग होता की समोर."

"मग बोलला का नाहीस?"

"मी कशाला बोलू? तोंड तुला दिलंय देवानं. शाळेत तर मिटायचं नाही."

स्टॉब्स यांनी फावडं खडीत रोवलं.

"नऊ महिने, क्लिफ. माझ्या जीननं क्लबात जायचं सोडलं. बिंगोला तिच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहायच्या. माझ्या भिंतीवर कुणीतरी 'खुनी' लिहिलं, तर ते घासायला बादली घेऊन कोण आलं? तू आलास. तास दीड तास घासत होतास. जीननं तुला हॅम आणि वाटाण्याचा पाव करून दिला. खाल्लास तू तो."

"खाल्ला."

"मी बघत होतो. म्हटलं, आता बोलेल. दुसरा पाव मागितलास."

"हात बधिर झाले होते त्या दिवशी," स्टॉब्स म्हणाले. "हातमोजे काढले नाहीत. लावून झाल्यावर चाचपून बघतो मी, एक, दोन, तीन, चार. त्या दिवशी तीनच लागली. वाटलं, चौथं मागं फिरलं असेल. पुन्हा बघायला हवं होतं. घरी गेलो."

रेननं स्टिअरिंगवरचं दव बाहीनं पुसलं.

"उद्या कॉरोनरपुढे सांगतो," स्टॉब्स म्हणाले.

"उद्या? म्हणजे हॉगार्थच्या बायकोनं चारचौघांत बसून पहिल्यांदा ऐकायचं? आज फोन कर. माझ्या स्वयंपाकघरातून कर. घरी गेलास की ऑड्री चहा देईल, आणि तू पुन्हा गप्प बसशील. ओळखत नाही का मी तुला?"

ट्रॅक्टर तिसऱ्या खेपेला चालू झाला. स्टॉब्स मागच्या दांडीला धरून उभे राहिले.

कॉरोनरची कचेरी नऊला उघडते. तोवर दोघं रेनच्या स्वयंपाकघरात बसले. जीन एकदा आत आली. तिनं स्टॉब्स यांच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. किटलीला हात न लावता ती बाहेर गेली.

फोनवर कॉरोनरच्या कचेरीतली बाई होती. तिनं जबाब काढला.

"इथं 'आठवत नाही' असं आहे, मिस्टर स्टॉब्स. आता आठवलंय का?"

"तेव्हाही आठवत होतं."

मग तिनं सावकाश लिहून घेतलं आणि चार ओळी वाचून दाखवल्या. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली: "घाई होती" असं तिनं लिहिलं होतं, ते काढायला लावलं. घाई नव्हती, थंडी होती. खोट्या जबाबाचं पुढे काय, हे कॉरोनर ठरवतील, असं ती म्हणाली. मिसेस हॉगार्थना आज दुपारपर्यंत कळवलं जाईल. कौन्सिललाही. फाटकाची किल्ली उद्या सोबत आणावी.

ऑड्रीला त्यांनी दाराशीच सांगितलं. ती भांडी पुसत होती.

"आत्ता?" ती म्हणाली. "लोक विसरत आले होते, क्लिफ."

"डगीला विसरले नव्हते."

"त्याचं त्यानं निभावलंच होतं ना?" तिनं एक बशी दोनदा पुसली. "आणि आपण? आपल्याला याच गावात राहायचंय. मी क्लबात कुठल्या टेबलाशी बसू?"

स्टॉब्स मागच्या दारी जाऊन बुटांचा चिखल काढत बसले. दुपारी दोनच्या सुमारास कौन्सिलच्या माणसाचा फोन आला. पुढचा निर्णय होईपर्यंत त्यांनी वाटेवर काम करू नये, पिवळं जाकीटही घालू नये. मोऱ्यांचं काय, असं स्टॉब्स यांनी विचारलं. बघू, असं उत्तर मिळालं.

सुनावणी उद्या, बुधवारी, दहा वाजता आहे. साक्षीदारांच्या यादीत स्टॉब्स यांचं नाव चौथं होतं, ते संध्याकाळी पहिलं झालं. हेजलीहून शहराकडे जाणारी बस आठ बावन्नला सुटते. डगी आणि जीन रेन यांनाही त्याच बसनं जावं लागेल, कारण नंतरची बस दहा सातला आहे.