माडीची वाळू

घराच्या प्लास्टरमधून उरलेली वाळू आम्ही पुढेमागे माडी चढवायची म्हणून परसात राखून ठेवली होती. खुराड्यातल्या भाताच्या तुसाला सारखा कुबट वास यायला लागला, तेव्हा तूस काढून मी त्यातली चार घमेली वाळू चाळून आत पसरली. वर दंताळंही फिरवलं.

थोड्या वेळानं पाहतो तर आमची तांबडी कोंबडी आडवी! एक पाय ताणलेला, पंख पसरलेले, डोळे मिटलेले. मी घराकडे तोंड करून ओरडलो,

"अगं, वाळू बाधली हिला!"

बायको पिठाच्या हातानं धावत आली आणि हसतच सुटली. "अहो, अंघोळ करतेय ती!"

तेवढ्यात तांबडीनं अंग घुसळून वाळूचा फवारा उडवला. बाकीच्याही लोळू लागल्या. इतकं मनसोक्त सुख मी माणसाच्या चेहऱ्यावर क्वचितच पाहिलंय. आम्ही वाळूसुद्धा नंतरसाठी झाकून ठेवणारी माणसं. यांना 'नंतर' ठाऊकच नाही.

आता रोज सकाळी मी वाळूवर सरळ रेघा ओढतो आणि त्या घटकाभरात मोडतात. काल बायकोनं रिकामं घमेलं माझ्यापुढे ठेवलं.

"आणखी टाका थोडी. माडीचं बघू."