दोन गुडघे, दोन चिठ्ठ्या

कुंभार्ली घाट उतरताना एसटीनं मला इतकं घुसळलं की लोकांचे गुडघे तपासायला निघालेली मी चिपळूणला स्वतःच वाकडी होऊन उतरले. दुसरी गाडी पकडून रत्नागिरी गाठेपर्यंत संध्याकाळ झाली. कोकण रेल्वे सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली होती, पण आम्हा पुणेकरांना तिचा काय उपयोग?

मी तेव्हा पुण्यातल्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होते. आमच्या सरांनी एक अभ्यास हाती घेतला होता. गुडघ्यातला पुढचा लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, तुटला तर लगेच शस्त्रक्रिया बरी की आधी काही महिने व्यायाम बरा, हे पाहायचं होतं. कोणाला काय मिळणार हे ना डॉक्टर ठरवणार, ना रुग्ण. बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. वर्तमानपत्रातलं आमचं निवेदन वाचून रत्नागिरीकडून दोघांची पत्रं आली. अभ्यासाला माणसं मिळत नव्हती, त्यामुळे सर म्हणाले, "दोघांना नोंदवूनच परत ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी एका ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात दोघं बाकावर बसले होते. पावसचे दत्ताराम आंब्याच्या कलमावरून पडले होते. जयगडचे शरीफभाई खलाशी. बोटीच्या ओल्या डेकवर त्यांचा पाय मुरगळला होता. त्यांची एकमेकांशी ओळख त्या बाकावरच झाली. मी दोघांचे गुडघे तपासले आणि दहा पानांचं संमतीपत्र गाडी चुकत असल्यासारखं भराभर वाचून दाखवलं. दोघांनी माना डोलावल्या, सह्या केल्या. मी प्रत्येकाच्या हाती एकेक पाकीट दिलं आणि चिठ्ठी पलीकडच्या खिडकीत नोंदवायला सांगितली. पाकिटावर नाव घालायचं मला सुचलं नाही. दत्तारामांच्या नावापुढे व्यायाम लागला, शरीफभाईंच्या नावापुढे शस्त्रक्रिया. दोघंही इतके खूश दिसले की मला माझंच कौतुक वाटलं.

तिसऱ्या दिवशी व्यायाम शिकवायला पावसला गेले. रस्त्यापासून घरापर्यंत पाखाडी (जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट) होती. चालावं कसं हे लोकांना शिकवणारी मी तिसऱ्याच पायरीवर घसरले आणि घोटा धरून खाली बसले. दत्तारामांच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी, मला हात धरून वर नेलं, घोट्याला हळद लावली आणि समोर घावनं अन् नारळाचा रस ठेवला. दत्ताराम लंगडत, वहिनी हसत आणि मी कण्हत, असं ते स्वागत झालं.

खाता खाता दत्ताराम म्हणाले की शरीफभाई देवमाणूस, त्यांनी चिठ्ठी बदलून दिली म्हणून यंदाचा हंगाम वाचला. शस्त्रक्रिया झाली असती तर फवारणीवर आणि आंबे उतरवण्यावर देखरेख कोणी केली असती?

घावन माझ्या हातातच राहिलं. पाकिटं उघडून दोघांनी चिठ्ठ्यांची अदलाबदल केली होती. मी चिडले. रुग्णानं आपणच निवडलं की तुलना खरी राहत नाही, सगळ्या अभ्यासाची वाट लागते, हे मी बऱ्याच वरच्या आवाजात सांगितलं. दत्ताराम गोंधळले. मग त्यांनी शांतपणे समजावलं. त्यांची आणि भावाची कलमं सामाईक आहेत. दरवर्षी कोणत्या कलमांचे आंबे कोणी उतरवायचे यासाठी चिठ्ठ्या टाकतात आणि मग राजीखुशीनं बदलून घेतात.

"बदलायचंच, तर चिठ्ठी टाकायची कशाला?" मी विचारलं.

"म्हंजे आदी कोनी निवडला, ह्यावरनं भांडान नको," ते म्हणाले.

मी घावन खाली ठेवून उठले. गावातल्या एसटीडी बूथवरून सरांना फोन लावला. त्यांनी आधी माझी खरडपट्टी काढली. मग म्हणाले की ज्याला दोन्हींपैकी एकच चालतं, त्यानं या अभ्यासात असूच नये. दोघांची नावं काढून टाक. दत्तारामांना व्यायाम शिकवायला त्यांची हरकत नव्हती. त्यासाठी अभ्यासात असण्याची गरज नव्हती.

"आणि शरीफभाईंच्या शस्त्रक्रियेचं?"

"नेहमीच्या यादीत नाव घाल. नंबर येईल तेव्हा येईल."

हा निरोप घेऊन चौथ्या दिवशी सुजलेल्या घोट्यानं जयगडला गेले. खाडीच्या तोंडाशी बोटी डोलत होत्या, वाळत घातलेल्या मासळीचा वास थेट घरात येत होता. शरीफभाईंची बॅग भिंतीशी भरून ठेवलेली होती. पुण्याला कधी निघायचं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. गुडघा लगेच दुरुस्त झाला तर वर्षअखेरच्या जहाजासाठी डॉक्टरी तपासणीत पास होण्याची आशा होती. यादीची वाट पाहायची तर ते जहाज जाणार, आणि पन्नाशीच्या खलाशाला कंपनी पुन्हा बोलावेलच असं नाही. मी सगळं सांगितलं.

"मॅडम, तुमी धा पानां वाचलाव," शरीफभाई म्हणाले. "पन मना काय हवा, ता एकदा तरी इचारलाव काय?"

मला फार लाज वाटली. चिठ्ठी बदलणं ही त्यांची चूक होती, पण माझी चूक आधीची होती. दोन नावं हवीत म्हणून मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं, तर त्याच दिवशी त्यांचं नाव यादीत गेलं असतं आणि त्यांनी बॅग भरली नसती. मी माफी मागितली. त्यांनी नाव काढण्याच्या कागदावर सही केली आणि मला चहा पाजूनच सोडलं.

परतीच्या गाडीत पाय समोरच्या बाकावर ठेवून मी संमतीपत्राच्या पहिल्या पानावर पेनानं एक ओळ लिहिली: दोन्हींपैकी काहीही निघालं तरी तुम्हांला चालेल का? पुढे प्रत्येकाला मी आधी तेच विचारत गेले. कितीतरी जण नाही म्हणून उठून गेले आणि अभ्यास ठरल्यापेक्षा फार रेंगाळला. माणसं जमवण्यात मी कच्ची, असा शिक्का माझ्यावर बसला तो कायमचा.

शरीफभाईंचा नंबर आला तोवर जहाज केव्हाच निघून गेलं होतं. तरीही ते पुण्याला आले, तीच बॅग घेऊन. शस्त्रक्रियेच्या सकाळी मी सहीसाठी कागद पुढे केला, तसं त्यांनी पेन हातात धरूनच विचारलं, "ह्यात चिट्टी नाय ना?"

"नाही," मी म्हणाले, आणि कागदावर हात ठेवला. "पण सही करण्याआधी सांगा, तुम्हांला हे हवंय ना?"

"आता सांगतो," असं म्हणून शरीफभाईंनी पेन खाली ठेवलं आणि ते बोलायला लागले. मी खुर्ची ओढून बसले.