आधी दारं, मग डोळा

डॉक्टरांनी बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे सांगितले आणि उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया लांबवू नका असे बजावले, तेव्हा मला संशोधनासाठी परदेशी जायला पाच आठवडे उरले होते. ती माझ्यासमोरच व्हायला हवी होती. मी गेले की बाबा तारीख आधी उन्हाळ्यानंतर, मग दिवाळीनंतर, मग ‘तू आली की पाहू’ अशी ढकलत नेतील, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. बाबांनी रिक्षात बसता बसता होकार दिला आणि रिक्षा घरापाशी थांबायच्या आत त्याला अट जोडली.

“पहिले दारं रंगवू. मंग डोळा.”

“काहून?”

“ऑपरेशनात काही इकडचं तिकडं झालं तर? माह्या दाराचा रंग मले याच डोळ्यानं पाहू दे.”

अट वाजवी वाटली, म्हणून मी ती मान्य केली. वाजवी वाटणाऱ्या अटी तपासून घ्याव्यात, एवढे शहाणपण पदार्थविज्ञानाच्या पदव्युत्तर शिक्षणातून यायला हरकत नव्हती.

बाबांनी उभे आयुष्य सूत रंगवले. हातमागाच्या साड्यांसाठी लागणारे सूत आमच्या घरामागच्या शेडमध्ये उकळत्या रंगातून निघत असे. माग बंद पडत गेले, तशी शेडही बंद झाली. घर बांधले तेव्हा दर्शनी दार आणि तीन खिडक्या यांच्यासाठी बाजारातला एकही रंग त्यांना पटला नव्हता. त्यांनी आपणच रंगवलेल्या एका मोरपंखी लडीवरून बादलीत रंग कालवला होता. ती लडी काळ्या कागदात गुंडाळलेली अजून पेटीत आहे, कारण सुताचा नमुना उजेडात ठेवत नाहीत. दारांना मात्र पंधरा उन्हाळे लागले होते. पश्चिमेची बाजू तर खडूसारखी हाताला लागत होती.

गांधीबागेजवळच्या रंगाच्या दुकानात मी आधी सरळ मार्ग पत्करला. छटांच्या छापील पत्रिकेतली सर्वांत जवळची छटा निवडली, बाहेरच्या लाकडाला चालणारा रंग घेतला आणि एक फळी रंगवून बाबांपुढे ठेवली.

“हिरवा आहे,” बाबा म्हणाले.

तो थोडा हिरवट होता, हे खरे. तेव्हा मी लडीचे सूत एका पांढऱ्या कार्डावर घट्ट, एकाशेजारी एक असे गुंडाळले, म्हणजे मधल्या फटींची सावली मोजमापात येऊ नये. दुकानातल्या यंत्राने ते कार्ड वाचले, पडद्यावर सूत्र आले, आणि भाव आला.

भावाबद्दल मला वेगळे लिहावे लागेल. पत्रिकेतल्या रंगाची किंमत छापलेली असते. नमुन्यावरून बनवलेल्या रंगाला मात्र आधी बेसची, म्हणजे ज्यात रंगद्रव्ये मिसळतात त्या मूळ रंगाची किंमत, मग त्यात पडणाऱ्या प्रत्येक रंगद्रव्याची मिलिलिटरवर किंमत, वर ‘मॅचिंग’चे वेगळे. गडद छटेला पांढरा बेस चालत नाही, त्यासाठीचा बेस महाग. इथवर माझी तक्रार नव्हती. पण सूत्र तेच, डबा तोच, आणि सकाळी विचारलेला भाव संध्याकाळी साठ रुपयांनी वाढलेला, हे मला कोणत्याही पद्धतीने मांडता येईना. मी कागदावर तिन्ही घटकांची बेरीज करून दुकानदारापुढे सरकवली.

त्याने ती वाचली. आदराने वाचली, हे मान्य करायला हवे.

“बराबर आहे मॅडम तुमचा हिसाब. पण देखो, पत्रिकेतला रंग पत्रिकेच्या भावानं. मनातला रंग मनाच्या भावानं.”

“कोणाच्या मनाच्या?”

“ते सकाळी वेगळं राहते, संध्याकाळी वेगळं,” तो म्हणाला आणि डबा हलवायच्या यंत्रात ठेवून दिला. मशीनचा रंग परत घेतला जाणार नाही, ही पाटी त्याच्या डोक्याच्या बरोबर वर होती.

दोन दिवसांनी सकाळी मी या दुसऱ्या डब्यातल्या रंगाने रंगवलेली फळी आणि लडी उत्तरेच्या दारात शेजारी शेजारी धरली. रंग पाहायचा तो सकाळी, उत्तरेच्या उजेडात, ही बाबांचीच शिकवण. दोन्हींत मला फरक सापडत नव्हता. मी ती फळी विद्यापीठातल्या आमच्या विभागाच्या प्रयोगशाळेत नेऊन आमच्या उपकरणावरही तपासली होती. फरक होता, पण माणसाच्या डोळ्याला कळू नये इतका.

“हिरवाच आहे,” बाबा म्हणाले.

“बाबा, लडी पाहा न. सेम आहे.”

“लडी बी हिरवी पडली.”

“काळ्या कागदात?”

“पडली असन.”

“मी मोजलं आहे बाबा. जमला आहे रंग.”

त्यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी उकळत्या हंड्यात चपला घालून उतरले आहे. “तू बनवला, अन् तूच पास करून राहिली? काय शिकवलं तुले मी?”

शेडचा तो नियम होता. ज्याने रंग बनवला त्याने तो पास करायचा नाही. रंगाकडे तासभर पाहिलेला डोळा त्या रंगाला सरावतो, त्याला सगळे जमलेलेच दिसते. म्हणून ओली लडी बाहेर आली की घरातले कोणीतरी ताज्या डोळ्याने दारात येऊन सांगायचे, जमला की नाही. लहानपणी गणिते अर्धवट टाकून मी कितीदा त्यासाठी उठले असेन. या नियमापुढे वाद नव्हता.

“मंग तुम्हीच चला दुकानात,” मी म्हणाले. चिडून म्हणाले.

तो सगळ्यांत महाग डबा ठरला. बाबा यंत्राशेजारच्या स्टुलावर बसले आणि दुकानदाराला हुकूम देत राहिले. निळा आणखी. आणखी एक. काळा कमी कर. दुकानदार दर वेळी माझ्याकडे पाहायचा, मी मान हलवायची, आणि पडद्यावरचा आकडा चढायचा. शेवटी बाबांचा चेहरा उजळला. घरी येऊन त्यांनी स्वतः ब्रश घेतला आणि एका खिडकीच्या फळीला हात मारला.

“आता जमला,” ते म्हणाले.

आई पोळ्या टाकून बाहेर आली. उन्हाळ्यात पाणी भरून ठेवायला गच्चीवर निळा प्लास्टिकचा ड्रम असतो, तो तिने एकवार पाहिला, मग खिडकी पाहिली.

“अजी, ही खिडकी त्या ड्रमासारखी काहून दिसून राहिली?”

तेव्हा कुठे मला उमगले. मोतीबिंदूने डोळ्यातले भिंग पिवळट होते आणि निळा प्रकाश आत येण्याआधीच अडतो. बाबांना मोरपंखी हिरवा दिसणारच, आणि त्यांच्या डोळ्याला मोरपंखी दिसेल असा रंग इतरांना ड्रमासारखा दिसणार. रंग पसंत पडल्याशिवाय डोळा होणार नव्हता आणि डोळा झाल्याशिवाय रंग पसंत पडणार नव्हता. मी तीन आठवडे नमुना तपासला, यंत्र तपासले, उजेड तपासला, दुकानदाराची बेरीजसुद्धा तपासली. पाहणारा तेवढा तपासायचा राहिला. आणि त्याचा तपासणी अहवाल माझ्याच पर्समध्ये होता.

आता एक सोपी वाट होती. बाबांना रंग पसंत होता. घर ड्रमाच्या रंगात रंगवावे आणि डॉक्टरांकडून घेतलेल्या तारखेला, सोमवारी, त्यांना दवाखान्यात न्यावे. मी हा विचार गंभीरपणे केला. पण डोळा उघडल्यावर समोर तो निळा दिसला असता, आणि मग डाव्या डोळ्याला त्यांनी कोणालाही हात लावू दिला नसता.

मी दुसऱ्या डब्याची फळी आणली, लडी आणली आणि दोन्ही उत्तरेच्या दारात मांडल्या.

“बाबा, खिडकीवरचा रंग कोणी बनवला?”

“मी.”

“मंग पास कोण करून राहिलं?”

त्यांनी हातातला ब्रश डब्याच्या कडेवर आडवा ठेवला.

“दुसऱ्या डब्याचा रंग मी पास करू शकत नाही. तिसऱ्याचा तुम्ही नाही. मंग राहिलं कोण?”

आईला हा खेळ समजायला क्षणही लागला नाही. शेडमध्ये माझ्या आधी दारात तीच उभी राहत असे. तिने पिठाचे हात पदराला पुसले, खिडकीकडे पाहिलेही नाही. फळी आणि लडी उचलून तिने एकमेकांना लावल्या, उजेडात तिरक्या केल्या, पुन्हा सरळ केल्या.

“हा जमला,” ती म्हणाली. “अन् सोमवारी मी डब्यात पोळी-भाजी देईन. दवाखान्यातलं तुम्हाले जमत नाही.”

बाबांनी लडी हातात घेऊन डोळ्यांजवळ नेली. त्यांना ती अजून हिरवीच दिसत असणार. पण दारातून आलेला निकाल त्यांनी आयुष्यात कधी फिरवला नव्हता.

“मले तर हिरवीच दिसते वं,” ते आईला हळूच म्हणाले.

“असू द्या. मले नाही दिसत.”

शनिवार-रविवारी रंगाऱ्याने काम उरकले. शेवटच्या खिडकीला रंग कमी पडला, म्हणून मी धावत जाऊन त्याच सूत्राचा पाव लिटरचा डबा आणला. त्याचा भाव लिटरच्या हिशेबाने दीडपट लागला. मी वाद घातला नाही. ताकद संपली होती.

सोमवारी शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर दुसऱ्या सकाळी बाबा अंगणात गेले. डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा त्यांनी कपाळावर चढवला, तेव्हा मी ओरडले; त्यांनी ऐकले नाही. त्यांनी आधी डावा डोळा झाकला, मग उजवा, मग पुन्हा डावा. दार पाहिले. उजवीकडच्या दोन खिडक्या पाहिल्या.

“ही डावीकडची,” ते म्हणाले. “हिच्यात काळा नाही पडला.”

पाव लिटरच्या डब्यासाठी लागणारा काळा इतका थोडा होता, की यंत्राच्या सर्वांत लहान थेंबापेक्षाही कमी भरला. पडद्यावर तशी सूचना आली होती. दुकानदाराने ‘चालते’ म्हणून बटण दाबले होते आणि मी, माप या विषयावर ज्यांच्याशी ज्यांच्याशी भांडले त्या सगळ्यांना विसरून, मान हलवली होती. घरी कोणालाही हे सांगितले नव्हते.

“किती कमी आहे?” मी विचारले.

“थेंबभर बी नाही,” बाबा म्हणाले. “पण कमी आहे. तू जायच्या आधी दुकानात जाऊन ये.” मग चष्मा खाली ओढत त्यांनी विचारले, “अन् या दुसऱ्या डोळ्याची तारीख कधीची देते म्हणे तो डॉक्टर?”