वर ये

समजा, मे महिन्यातल्या दुपारी तुम्हाला म्हैस धुवायची आहे. ओढ्यात जेमतेम गुडघाभर पाणी. म्हशीला बसवायचं, पाठीवर पाणी मारायचं, काथ्यानं घासायचं आणि तिनं कूस बदलायची वाट बघायची. घाई तिला चालत नाही. डोक्यावर लख्ख ऊन, आणि एक कान सतत वरच्या माळाकडं.

झुंबरबाईंचा कान अजून तिकडंच असतो.

माळावर त्यांच्या थोरल्या बहिणीचं घर. दोघी बहिणी पन्हाळ्याच्या पायथ्याला एकाच वाडीत दिलेल्या. आक्का वर, झुंबर खाली ओढ्याकाठी. रोज आक्काची हाळी यायची, "झुंबेऽ, वर येऽ." म्हणजे चहा उकळला. वळवाच्या दिवसांत मात्र तिचा दुसराही अर्थ असायचा. वारा पडला की ढग डोंगरावर बूड टेकतो, हलत नाही, तिथंच रिता होतो. खाली थेंब नसतो आणि ओढ्याला लोंढा येतो. तो डोंगर माळावरून दिसतो, ओढ्यातून दिसत नाही. तेव्हा "वर ये" म्हणजे पाण्यातून बाहेर पड.

गेल्या उन्हाळ्यात हाळी आली, तेव्हा झुंबरबाई ओरडल्या, "थांब की, एक कूस ऱ्हायलीया. च्या काय पळून जातोय व्हय?"

थोड्या वेळानं पुन्हा हाळी आली. झुंबरबाई हसल्या. मग म्हैसच उठली. त्यांनी तिची शेपटी धरली, आणि दोघी काठाला लागतात तोवर मागून ओंडके वाहत आले. खालून आवाज येईना म्हणून आक्का उतारावरून धावत सुटली आणि पडली. मांडीचं हाड मोडलं. तिचा मुलगा बाळासो तिला इचलकरंजीला घेऊन गेला.

आता माळावरच्या घराला कुलूप. बाळासो मोबाइलवर ढग बघून फोन करतो, "मावशे, डोंगरावर बसलाय बघ, नीघ." झुंबरबाई निघतात. पण तो फोन चहाला बोलवत नाही.

परवा त्यांनी आक्कालाच फोन केला. तिकडं घराशेजारी यंत्रमागांचा खडखडाट.

"आक्का, त्या दिवशी हाळी दिलीस—"

"काय?"

"हाळी, हाळी!"

"मोठ्यानं बोल की. तोंडात बोळा कोंबलायस व्हय?"

"काय न्हाय. जेवलीस?"

दुसरी हाळी पाण्याची होती, हे झुंबरबाईंना पक्कं कळलंय. पण पहिली? आक्का, पयल्यांदा बोलावलंस, तवा च्या ठेवला हुतास का गं?