राई की रायी

ती केस आठवली की आजही छाती थोडी फुगते. लपवण्यात अर्थ नाही. तेव्हा मी आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. त्या गावात निजामाच्या काळातलं उघडं रंगमंदिर आहे. अर्धगोल दगडी पायऱ्या आणि समोर ओटा. लोक त्याला नुसतं 'पायऱ्या' म्हणतात. दंडारीचा नाच असो की शाळेचं संमेलन, सगळं तिथंच होतं. त्याच्या वरच्या रांगेतले अकरा घडीव दगड नाहीसे झाले.

नगरपालिकेची तक्रार आली. फाटकाची किल्ली एकट्या चौकीदाराकडे असे, म्हणून जनरल डायरीत मीच त्याचं नाव संशयित म्हणून लिहिलं. अटक झाली की नोकरी जाणार, हे त्याला पालिकेनं सांगून टाकलं होतं. चौकशीत म्हातारा एवढंच बोलला, "अटक करा लागन तं करा, साहेब. पन पायऱ्यांवरून नेऊ नका. तिथं सारं गाव बसते."

चोर असं मागणं मागत नाही, हे मला कळत होतं. पण कळणं म्हणजे पुरावा नव्हे.

रोज सकाळी डायरीची मागची पानं वाचायची माझी खोड होती. शिपाई माझ्यामागे हसायचे. त्या दिवशी आठवडाभरापूर्वीची एक नोंद दिसली. जैनथच्या रस्त्यावरच्या चहावालीनं फोनवर कळवलं होतं की एका टेम्पोतून दोनदा आवालू गेले, वरून मलबा टाकलेला. आवालू म्हणजे तेलुगूत मोहरी. कपाशी-सोयाबीनच्या मुलखात टेम्पोभर मोहरी कुठली? आणि मोहरी नेली म्हणून पोलिसांना फोन कोण करतं?

नोंद करणारा कॉन्स्टेबल मुधोळकडचा, मराठी घरातला. त्याला बोलावून बाईचे नेमके शब्द विचारले.

"हिंदीत बोलत होती साहेब. राई म्हने, दोनदा म्हने. राई म्हंजे आवालूच ना?"

मी कपाळावर हात मारला. बाई तेलुगू. याचं मराठी वळण ऐकून बिचारी हिंदीत बोलली, पण दगडाला तिच्या तोंडी आपला तेलुगू शब्दच आला : रायी. आमच्या पठ्ठ्यानं त्याची मोहरी केली आणि डायरी तेलुगूत लिहायची म्हणून इमानेइतबारे भाषांतरही केलं. राईचा पर्वत करणारे पुष्कळ पाहिले होते, दगडाची राई करणारा हा पहिलाच.

चहावालीनं टेम्पो ओळखला. तो पायऱ्यांची डागडुजी करणाऱ्या ठेकेदाराचा निघाला. कामासाठी चौकीदारानंच उघडलेल्या फाटकातून, दिवसाढवळ्या, मलब्याखाली दगड गेले होते. ठेकेदार छातीठोकपणे म्हणाला, माझ्या शेतघरी लावलेले दगड खाणीतले आहेत. मी त्याच्याशी वाद घातला नाही. चौकीदाराला विचारलं, तुमचे दगड ओळखाल का?

"कडेखाली उर्दू आकडे हायेत, साहेब. झाडताना बोटाला लागतेत."

नेरडीगोंड्याजवळ ठेकेदाराच्या शेतघराचा नवा ओटा पंचांसमोर उकलला. अकराही दगडांवर आकडे होते. मग ठेकेदारानं मुकाट्यानं कबुली दिली.

त्यानंतर माझ्या ठाण्यात मी एक नियम केला : खबर देणाऱ्याचा शब्द आधी जसाच्या तसा लिहायचा, अर्थ मागून लावायचा. आपण अर्थ लावायची घाई करतो आणि त्यात एखाद्याची अब्रू जाते. मीही तेच केलं होतं, फक्त माझ्या चुकीला कोणी हसलं नाही.

दगड परत बसले तेव्हा चौकीदार ठाण्यात आला. डायरीतलं आपलं नाव खोडा म्हणाला. मी सांगितलं, डायरीत खोडता येत नाही, तसा कायदा आहे. त्याचा चेहरा उतरला. मग मी त्याच्यासमोर नवी नोंद लिहिली : सदर इसम निर्दोष असून चोरीच्या मालाची ओळख त्याच्याच माहितीवरून पटली.

त्याला वाचता येत नव्हतं. म्हणाला, "वाचून दाखवा ना साहेब. जरा मोठ्यानं."

सगळं ठाणं ऐकत होतं. मी खुर्चीवरून उठलो, टोपी घातली आणि उभं राहून वाचलं.